बेस वाढवला की बेसच कळेना, असं का होतं

सप्त्यातलं कीर्तन मंडपात न बसता दीड-दोन किलोमीटर लांब शेतातून कधी ऐकलं असेल तर आठवून बघा, देवळावरच्या भोंग्यातून येणारा महाराजांचा आवाज तिथंसुद्धा भरदारच वाटतो. आता भोंगा म्हणजे आवाजाच्या हिशेबानं लई गरीब वस्तू, साधारण 300 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला 300 कंपनांच्या) खालचं त्याच्यातून जवळपास काही निघतच नाही. आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर असतो 100 ते 125 हर्ट्झच्या आसपास, मृदंगाच्या धूमेचा (डाव्या, जाड आवाजाच्या बाजूचा) बऱ्याचदा त्याच्याही खाली. म्हणजे जो सूर आपण ऐकला म्हणतो तो भोंग्यातून बाहेर पडलेलाच नसतो. तरी महाराज बारीक आवाजात बोलायलेत असं कुणालाच वाटत नाही, आणि धूमेवर थाप पडली की ती लगेच ओळखू येते.

आता ह्याच्या बरोबर उलटं घ्या. लग्नसराई चालूय, दोन गल्ल्या पलीकडं वरात थांबलीय, डीजे फुल लागलाय आणि तुम्ही घरात दारं-खिडक्या लावून बसलाय. खालचे सूर सगळे आत येतात, कारण भिंत बारीक सुरांना अडवते पण जाड सुरांना फारशी अडवत नाही, आणि हवेतून लांब जाताना पण आधी बारीक सूरच विरतात. म्हणजे तुमच्या खोलीत आत्ता अस्सल, शुद्ध बेस आलाय, डीजेवाल्याच्या 18 इंची बेसमधून निघालेला. आणि तुम्हाला सांगता येतं का की गाणं कोणतं, ढोलकी आहे का हलगी का कीबोर्डवरचा ठोका? नाही येत. नुसतं ढुम ढुम ढुम.

भोंग्यातून खालचं काहीच आलं नाही तरी सगळं ओळखू आलं, आणि भिंतीतून फक्त खालचंच आलं तर काहीच ओळखू आलं नाही. हे दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तर एक गोष्ट दिसते जी मला फार महत्त्वाची वाटते आणि हेडफोन, होम थिएटर, डीजे सगळ्यांच्या गप्पांत लोक ती विसरतात, की बेसमधला बारकावा, त्याचा पोत, त्याची ओळख ही बहुतेक बेसच्या वरच्या मजल्यावर असते. खाली असतं ते वजन.

हे कसं ते सांगतो. 60 हर्ट्झची तार छेडली तर ती फक्त 60 वर हलत नाही, तिच्यात 120, 180, 240, 300 असे पटीतले सूर एकाच वेळी असतात. कान आणि मेंदू मिळून ह्या सगळ्या सुरांमधलं अंतर पकडतात. सगळीकडं 60-60 चं अंतर दिसलं की मेंदू म्हणतो मूळ सूर 60 चा, मग तो 60 प्रत्यक्षात आलेला असो नसो. हे काही आजचं नाही, ऑगस्ट झीबेक नावाच्या जर्मन माणसानं 1840 च्या दशकातच सायरनवर प्रयोग करून हे दाखवलं होतं आणि त्यावरून ओहम साहेबांशी (हो तेच, वीजवाले) त्याचा मोठा वाद झाला होता. जुन्या टेलिफोन लाइनीतून फक्त 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच जायचं आणि तरी वडलांचा फोन आला की आवाज वडलांचाच वाटायचा, तो ह्याच कारणामुळं. मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधून बेसची ओळ ऐकू येते ती पण तशीच.

आता कानाचे आकडे बघू, कारण इथं खरी गंमत आहे. माणूस 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकतो असं शाळेपासून ऐकतोय आपण, पण सगळीकडं सारखं ऐकतो असं अजिबात नाही. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी 1933 साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये हे मोजलं, नंतर असल्या मोजमापांवरून आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्याप्रमाणं 1000 हर्ट्झचा सूर 40 डेसिबलला (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) जेवढा मोठा वाटतो तेवढाच 100 हर्ट्झचा वाटायला साधारण 64 डेसिबल लागतात आणि 50 हर्ट्झला 78. अगदी जेमतेम ऐकू यायला सुद्धा 40 हर्ट्झला 51 डेसिबल लागतात, तर 125 हर्ट्झला फक्त 22.

हा शेवटचा फरक नीट बघा. 40 चा सूर वाजतोय, त्याची तिसरी पट 120 वर येते. ती मूळ सुरापेक्षा 25-30 डेसिबलनं कमी असली तरी हळू आवाजात कानाला दोन्ही बरोबरीचे वाटू शकतात. म्हणजे मशीनवर मोजलं तर जी पट चिल्लर दिसते तीच कानाला त्या आवाजाचा अर्धा स्वभाव सांगते. कोणत्या वाद्याचा बेस आहे, तार आहे का कातडं, बोटानं छेडली का पट्टीनं, हे सगळं त्या पटींच्या कमी-जास्त प्रमाणात लिहिलेलं असतं.

ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे तानपुऱ्याचा खर्ज. ती जाड तार ऐकताना आपल्याला जे काही जाड, गोल, भरलेलं वाटतं त्यात मूळ सूर तसा दुबळाच असतो. घोडीवर तार जिथं टेकते तिथं सूत सरकवून जवारी लावली की पटीतले सूर एकामागून एक उमलायला लागतात आणि तेव्हा खर्ज जिवंत होतो. जवारी बसली की खर्ज बसला, म्हणजे तोच सूर, तीच तार, पण आता ऐकू यायला लागतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तानपुरा-वीणेच्या ह्या घोडीवर लिहिलं होतं, तार ज्या जागी छेडली तिथं जी पट यायला नको ती पण ह्या वाद्यात ऐकू येते म्हणून. त्याच्या एक वर्ष आधी, 1920 मध्ये, तबला-मृदंगाच्या शाईवर त्यांचा लेख आला, की साध्या कातड्याचे सूर एकमेकांच्या पटीत नसतात पण शाईचं वजन घातलं की ते पटीत येतात आणि म्हणून आपल्या वाद्यातून नुसता ठोका न येता सूर येतो. आपल्याकडं मृदंगाच्या धूमेला कणीक लावतात तिचं काम पण वजनाचंच, कातडं जड झालं की सूर खाली उतरतो. किती कणीक लावायची हे वाजवणारे कानानं ठरवतात आणि त्यांचा कान किती बारीक असतो ते त्यांच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

दुसरा भाग सुरुवातीचा. 40 हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायलाच 25 मिलिसेकंद लागतात आणि सूर कोणता हे कळायला कानाला एकापेक्षा जास्त लाटा बघाव्या लागतात. त्यामुळं ठोका नेमका कधी पडला हे खालच्या सुरावरून नीट कळूच शकत नाही. ते कळतं कातड्यावर बोट किंवा टिपरू आपटलं त्या पहिल्या क्षणाच्या आवाजावरून, आणि तो आवाज असतो वर, डीजेच्या किकमध्ये (मोठ्या ड्रमच्या ठोक्यात) साधारण 2 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. ऑडिओवाले लोक ‘फास्ट बेस’, ‘टाइट बेस’ म्हणतात तेव्हा ते खरं तर ह्या दोन गोष्टींबद्दल बोलत असतात, सुरुवातीचा तो टोकदार क्षण वेळेवर आला का, आणि नंतर आवाज वेळेवर थांबला का. 40 हर्ट्झ स्वतः काही फास्ट-स्लो नसतो. डग्ग्यावर ‘घे’ वाजवून मनगटानं घिस्सा दिला की घुमारा वर चढतो, त्यातली मजा पण चालीत आहे, सूर कसा सरकला त्यात, आणि ती चाल वरच्या पटींमध्ये जास्त ठळक ऐकू येते कारण 80 चा 90 झाला की त्याच्या पाचव्या पटीचे 400 चे 450 होतात.

मग प्रश्न येतो की बेस वाढवला तर हे सगळं वाढायच्या ऐवजी का बुडतं. ह्याचं उत्तर कानाच्या आत आहे. आत एक शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, उलगडली तर साधारण 35 मिलिमीटरची, तिच्यात एक पडदा आणि त्या पडद्यावर बारीक केसांच्या पेशी. गेओर्ग फॉन बेकेशी यांना ह्यावरच्या कामासाठी 1961 चं नोबेल मिळालं, त्यांनी दाखवलं की आवाजाची लाट ह्या पडद्यावरून प्रवास करते आणि प्रत्येक सुराची उतरायची जागा ठरलेली असते. बारीक सूर सुरुवातीलाच, जाड सूर शेवटाला. लातूरहून अंबाजोगाई, केज, बीड करत संभाजीनगरला जाणारी एसटी धरा, बारीक सुरांना अंबाजोगाईलाच उतरायचंय, बेसला मात्र शेवटपर्यंत जायचंय आणि तो सगळं सामान-सुमान घेऊन वाटेतल्या प्रत्येक स्टँडवरून जातो. बेस थोडका असला तर कुणाला त्रास नाही. जोरात असला तर वाटेतल्या सगळ्या जागा तो हलवून सोडतो आणि तिथं उतरणारे बारीक सूर ऐकूच येईनात असं होतं. जाड सूर बारकांना झाकतो, बारीक सूर जाडाला तेवढा झाकत नाही. आणि बेसचा पोत ज्या वरच्या पटींत होता त्याच पटी आधी झाकल्या जातात. बेस वाढवणारा माणूस स्वतःच्या हातानं बेसची ओळख पुसतो ती अशी.

त्यात अजून एक भर म्हणजे खालच्या पट्ट्यात कानाची चाळणी जाड असते. 1000 हर्ट्झजवळ ती साधारण 130 हर्ट्झ रुंद, म्हणजे सुराच्या आठव्या हिश्श्याएवढी, पण 100 हर्ट्झजवळ 35 हर्ट्झ रुंद, म्हणजे सुराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. त्यामुळं खाली दोन सूर जवळजवळ वाजले की ते वेगळे ऐकू न येता गढूळ होतात. हार्मोनियमवर खालच्या सप्तकात सा आणि ग एकदम दाबून बघा, मग तेच वरच्या सप्तकात दाबून बघा, खाली गुरगुर आणि वर गोडवा. रेकॉर्डिंग करणारे लोक एका वेळी खाली एकच वाद्य ठेवतात ते त्यामुळं. आणि आपल्याकडं वरातीत डीजेचा बेस, त्याच्यावर ढोल, मागं जनरेटर, सगळं त्याच पट्ट्यात, मग कितीही महागाचं मशीन आणा, काय कळणार आहे.

आता खोली. ह्याच्यावर मला जास्त बोलायचंय कारण पैसे सगळ्यात जास्त इथं वाया जातात. 50 हर्ट्झची लाट हवेत जवळपास 7 मीटर लांब असते. आपली खोली दहा बाय दहा, म्हणजे 3 मीटरच्या जरा वर. अशी लाट खोलीत मावत नाही, ती समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकते आणि काही ठरावीक सुरांवर खोली स्वतःच वाजायला लागते. दहा फुटांच्या भिंतीसाठी तो पहिला सूर येतो साधारण 56 हर्ट्झला. आता दहा बाय दहा म्हणजे दोन्ही बाजूंनी 56, आणि बऱ्याच ठिकाणी स्लॅब पण दहा फुटांवर, म्हणजे तिसरा पण 56. तिन्ही एकावर एक. गाण्यात त्याच्या जवळपासचा सूर आला की खोली गरजते, तो सूर थांबला तरी खोली थांबत नाही, आणि पुढचा ठोका त्या गरजण्यात बुडतो. खोली बारा बाय दहाची असली तर एक सूर 47 ला जातो आणि थोडं बरं होतं, आणि तिन्ही मापं वेगवेगळी असतील तर अजून बरं. (मे महिन्यात आपल्याकडं 42 डिग्री होतात तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला 357 मीटरपर्यंत जातो आणि हे सूर दोन-एक हर्ट्झनं वर सरकतात, म्हणजे उन्हाळ्यानं पण सुटका नाही.)

ह्या अडकलेल्या लाटेचं अजून एक लक्षण म्हणजे भिंतीपाशी बेस धो धो असतो आणि खोलीच्या बरोबर मधोमध तो गायब होतो. खुर्ची मधोमध टाकून बसणारा माणूस म्हणतो वूफर कमजोर आहे, मोठा घेतो. पलंगावर भिंतीला टेकून बसलेला म्हणतो बेस लई आहे, कमी कर. दोघं खरं बोलायलेत. वूफर तोच आहे, बसायची जागा वेगळी आहे.

मग लोक काय करतात तर भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवतात, जाड पडदे लावतात, वाकळा टांगतात. ह्यानं होतं असं की बारीक सूर शोषले जातात आणि बेस जिथल्या तिथं राहतो, कारण जाड लाट शोषायला तेवढीच जाडी लागते, 56 हर्ट्झसाठी लाटेचा चौथा हिस्सा म्हणजे दीड मीटर. पोत सांगणारे सूर गेले, गरजणारे राहिले. कळकळीनं सांगतो, ट्रे लावू नका. कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यात उभ्या केल्या तर थोडा फरक पडतो, कारण कोपऱ्यात सगळ्या लाटांचा जोर असतो, पण अगदी खालच्या सुरांना त्या पण पुरत नाहीत. त्यापेक्षा स्वतः सरका, वूफर सरकवा, हे फुकट आहे आणि जास्त उपयोगी आहे.

पत्र्याच्या घरात, शेडमध्ये, मंगल कार्यालयात अजून एक फसवणूक होते. बेस लागला की पत्रा थरथरतो, भांडी वाजतात, खिडकीची काच खडखडते आणि लोकांना वाटतं काय बेस आहे. ती खडखड बेस नाहीच, ती पत्र्याची, शेकडो-हजारो हर्ट्झमधली, आणि कानाला ती बेसपेक्षा जास्त ठळक ऐकू येते. वूफर कुठं ठेवलाय हे सुद्धा आपल्याला असल्याच आवाजावरून कळतं, बॉक्सच्या भोकातून येणारी फुसफुस किंवा बॉक्सचं लाकूड वाजणं, नाहीतर 80 हर्ट्झच्या खालचा सूर कोणत्या दिशेनं आला हे घरातल्या खोलीत जवळपास कळत नाही. होम थिएटरमध्ये 80 च्या खालचं सगळं एका डब्यात देऊन तो कुठंही ठेवता येतो तो त्यामुळंच.

अंगाचं पण बोलायला पाहिजे. ढोल समोरून जातो तेव्हा छातीत धडकतं ते काही मनाचे खेळ नाहीत. कातडीच्या आत कंप ओळखणारी वेगळी टोकं असतात, त्यांना सगळ्यात चांगलं कळतं साधारण 200 ते 300 हर्ट्झच्या कंपाला, पण त्याच्या बरंच खालचं पण कळतं. तुळजापूरला गोंधळात संबळ अगदी जवळून ऐकलेला माणूस सांगेल की अर्धा संबळ अंगावर ऐकला. कानाला ठोक्याचा क्षण कळतो, अंगाला त्याचं वजन, आणि मेंदू दोन्ही एकत्र करून एकच अनुभव देतो. हेडफोनमध्ये कितीही बेस वाढवला तरी ते येत नाही ते त्यासाठीच, अंग त्यात नसतंच. आणि न येणारी गोष्ट आणायला माणूस आवाज वाढवतच जातो.

इथं मला खरंच काळजी वाटते. मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा आधी जातात साधारण 3 ते 6 हजार हर्ट्झच्या जागेवरच्या केसांच्या पेशी, मग आवाज बेसचा असो नाहीतर टाळांचा. त्या पेशी माणसात पुन्हा येत नाहीत. आणि ठोक्याची धार कुठं होती, ह्याच पट्ट्यात. म्हणजे बेसच्या नादात कान घालवलेल्या पोराला बेस ऐकू येत राहतो पण नुसता गोळा, पोत गेलेला, मग तो अजून वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला 40 तास 80 डेसिबल एवढा आहे आणि त्याच्यावर दर 3 डेसिबलला वेळ अर्धा होत जातो. 92 ला अडीच तास उरतात. डीजेसमोर आकडा ह्याच्या बराच वर जातो.

आणि मोजणारं मशीन पण बेसच्या बाबतीत हात आखडता घेतं. आपल्याकडं 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 ची मर्यादा आहे, पण ती ‘डीबी ए’ ह्या मापात. हे माप हळू आवाजातल्या कानाच्या हिशेबानं बनवलेलं आहे, त्यात 100 हर्ट्झचे 19 डेसिबल कापले जातात आणि 50 हर्ट्झचे 30. म्हणजे 50 हर्ट्झचा 100 डेसिबलचा दणका मीटरवर 70 दिसतो. पण आवाज मोठा झाला की कानाचा बेसबद्दलचा बहिरेपणा कमी होतो, खाली थोडे डेसिबल वाढले तरी आवाज भरभर मोठा वाटायला लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, तान्ह्या लेकराला काय होतंय ते त्या आकड्यात नीट येतच नाही. आजी म्हणते काळजात धडधडतंय आणि मीटर म्हणतो फार काही नाही, तर आजीचं ऐका.

स्वतः करून बघायचं असेल तर मोबाइलवर टोन जनरेटरचं (पाहिजे त्या हर्ट्झचा एकच सूर वाजवणारं) कोणतंही फुकटचं ॲप घ्या, ते वूफरला जोडा, आवाज हळू ठेवा आणि 40 पासून 120 पर्यंत सावकाश वर न्या. काही सुरांवर खोली एकदम गरजेल, काहींवर आवाज गायब होईल, ते सूर लिहून ठेवा. मग गरजणाऱ्या सुरावर थांबून खोलीत फिरा, कुठं कमी होतो कुठं वाढतो ते बघा आणि मधोमध किंवा भिंतीला चिकटून न बसता अधेमधे जागा शोधा. मग ओळखीचं भजन लावा ज्यात मृदंग स्वच्छ आहे, इक्वलायझर असेल तर 60 च्या आसपासची पट्टी वर ढकलायच्या ऐवजी थोडी खाली घ्या आणि 100-150 जवळची आहे तशी राहू द्या. पहिली दोन मिनिटं बेस गेल्यासारखा वाटेल, लगेच बटणाला हात लावू नका. थोड्या वेळानं धूमेवरचा पंजा उघडा पडला का दाबून पडला एवढं कळायला लागलं, की सेटिंग तिथंच सोडून द्या.